चालू असलेल्या इमेजचं वय

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या एका जुन्या सेवेत दोन ओळींची दुरुस्ती करायची होती. बिल्ड लावला (कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधून चालवण्याजोगा गठ्ठा, म्हणजे इमेज, तयार करायचं काम), तर तो आमच्या कोडपर्यंत पोचायच्या आधीच पडला. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या सर्व्हरवर पॅकेजांची यादीच मिळेना, ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. सेवेची बेस इमेज (जिच्यावर आमचा कोड चढतो ती तळाची इमेज) डेबियन ९ ची, म्हणजे 'स्ट्रेच'ची होती. स्ट्रेचची दीर्घकालीन देखभाल जून २०२२ मध्येच संपली होती आणि आता तिची पॅकेजं मुख्य सर्व्हरवरून उचलून जुन्या संग्रहात हलवली होती. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज कशी बांधायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये, त्या संग्रहाचा पत्ता घातला असता तर बिल्ड लगेच हिरवा झाला असता. पण मग ज्या पॅकेजांना यापुढे कोणीही पॅच देणार नाही, ती जाणूनबुजून प्रॉडक्शनला नेल्यासारखं झालं असतं.

मी पुण्यात वित्तक्षेत्रासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत प्लॅटफॉर्म टीममध्ये आहे. आमचं सगळं कुबरनेटीसवर चालतं. इमेज चालू केली की होतो तो कंटेनर, आणि असे कंटेनर अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर, चालवून सांभाळणारी ही व्यवस्था; त्या सगळ्या नोडचा मिळून क्लस्टर. त्या दिवशी मॅनेजरने एकच प्रश्न विचारला: अशी ही एकटीच आहे, की अजून आहेत? रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, पाहून उत्तर देता येईना, कारण तिथे प्रत्येक सेवेच्या ढीगभर आवृत्त्या पडलेल्या असतात. खरा प्रश्न होता की आत्ता, या क्षणी, क्लस्टरवर कोणती इमेज चालू आहे आणि ती कधी बांधलेली आहे. चालू पॉडमधून (कुबरनेटीस ज्यात कंटेनर चालवतं ते एकक) इमेजचा डायजेस्ट, म्हणजे तिची नेमकी ओळख सांगणारा आकडा, काढायचा, रजिस्ट्रीतून तिची बांधणीची तारीख घ्यायची आणि वजाबाकी करायची, एवढी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली.

यादी पाहून टीम गप्प झाली. ज्या सेवांवर रोज काम चालतं त्यांच्या इमेज ताज्या होत्या. जुन्या होत्या त्या तक्रार न करणाऱ्या सेवा: पावत्या बनवणारी, एसएमएस पाठवणारी, चलनाचे दर आणणारी. ज्या सेवेने वर्षभर कोणाला त्रास दिला नाही, तिची इमेज वर्षभर जुनी. या यादीनंतर मी एक गोष्ट धरून बसले आणि आजही धरून आहे. कंटेनरच्या सुरक्षेचं पहिलं माप स्कॅनरला सापडलेल्या त्रुटींचा आकडा नव्हे. चालू असलेल्या इमेजचं वय हे पहिलं माप.

व्हर्च्युअल मशीनच्या दिवसांत ही जबाबदारी कोणाची याबद्दल शंका नसे. सिस्टिम ॲडमिन ठरलेल्या रात्री डाउनटाइम घेऊन पॅच मारायचे, नाहीतर डेबियन-उबुंटूमधली आपोआप अपडेट करणारी सोय चालू ठेवायचे. २०१३ मध्ये कंटेनर बांधायचं आणि चालवायचं डॉकर हे साधन आलं आणि पुढच्या काही वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिमचा मोठा तुकडा, म्हणजे ओपनएसएसएल, ग्लिबसी, झेडलिब यांसारख्या पायाभूत लायब्ररी, सगळं डेव्हलपरच्या रेपॉझिटरीतल्या एका फाइलच्या पहिल्या ओळीमागे जाऊन बसलं. ॲडमिन म्हणतो ती फाइल डेव्हलपरची. डेव्हलपर म्हणतो मी फक्त माझा कोड त्यावर ठेवला, खालचं मला माहीत नाही. दोघंही प्रामाणिकपणे बोलत असतात, आणि मधल्यामध्ये ओपनएसएसएल जुनं होत जातं. चालू कंटेनरमध्ये शिरून पॅच मारून उपयोग नाही, कारण पॉड परत उभा राहिला की मूळ इमेजच वर येते. इमेज नव्याने बांधायची आणि ती चालू करायची, एवढाच मार्ग आहे.

मग आम्ही ट्रिव्ही हा स्कॅनर सगळ्या चालू इमेजवर फिरवला. लाल-पिवळ्या ओळी संपेनात. इथे बऱ्याच टीम थकतात असं मी पाहिलंय, कारण ती यादी कशी वाचायची हे कोणी शिकवत नाही. आम्हीही ते हळूहळू शिकलो.

डेबियन स्थिर आवृत्तीत सहसा नवीन आवृत्ती आणत नाही. मूळ प्रकल्पाने केलेली दुरुस्ती काढून आपल्या जुन्या आवृत्तीत बसवतो. म्हणून कर्लचा (नेटवरून माहिती आणणाऱ्या साधनाचा) आवृत्तीचा आकडा ७.८८.१ च राहतो आणि मागची डेब१२यू अशी शेपटी तेवढी पुढे सरकते. हे माहीत नसलेला ऑडिटर विचारतो, दुरुस्ती तर ८.४.० मध्ये आली, तुमच्याकडे ७.८८ कसं? तेव्हा डेबियनच्या सुरक्षा ट्रॅकरचं पान काढून दाखवावं लागतं.

दुसरं उदाहरण झेडलिबचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-४५८५३ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक) नोंदला गेला, गांभीर्याचा गुणांक दहापैकी ९.८. डेबियन १२ वरच्या आमच्या प्रत्येक इमेजमध्ये तो 'अतिगंभीर' म्हणून झळकायला लागला आणि पॅच काही येईना. त्रुटी होती झेडलिबच्या सोर्ससोबत येणाऱ्या मिनीझिप या जोड-भागात. डेबियन १२ चं झेडलिब पॅकेज तो भाग बांधतच नाही. म्हणजे आमच्या इमेजमध्ये तो कोड नव्हताच. अशी ओळ महिनोन् महिने लाल राहिली की माणसं लाल रंगाकडे बघायचं सोडून देतात, आणि खरा धोका त्याच रंगात येऊन उभा राहतो. म्हणून दुर्लक्ष करायच्या नोंदींची एक फाइल ठेवली. प्रत्येक नोंदीला कारण लिहायचं आणि संपण्याची तारीख द्यायची. तारीख उलटली की ती ओळ पुन्हा लाल, आणि कोणीतरी तिच्याकडे पुन्हा पाहायचं. कारण न लिहिलेली नोंद मी आजही रिव्ह्यूमध्ये परत पाठवते.

प्राधान्य ठरवायला नुसता गुणांक पुरत नाही. अमेरिकेची सीसा ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून एक यादी ठेवते, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची. तिच्यात आलेली त्रुटी आमच्या चालू इमेजमध्ये सापडली तर त्याच दिवशी हातातलं काम बाजूला. बाकी सगळं ठरलेल्या फेरीत.

ही ठरलेली फेरी बसवायला मात्र फार वेळ गेला. पहिली अडचण डॉकरच्या कॅशेची, म्हणजे आधी बांधलेले भाग (लेयर) साठवून पुन्हा वापरायच्या सोयीची. डॉकरफाइलमधली पॅकेजं बसवायची ओळ बदललेली नसेल तर डॉकर ती पुन्हा चालवतच नाही, जुना लेयर उचलून लावतो. तो फक्त ओळीचा मजकूर पाहतो. बाहेर डेबियनच्या सर्व्हरवर काय नवीन आलंय हे त्याला कळायला काही मार्गच नाही. त्यामुळे बिल्ड हिरवा, तारीख आजची, आणि आतली पॅकेजं तीन महिन्यांपूर्वीची असं होऊ शकतं. पॅकेजांची यादी आणणं आणि पॅकेज बसवणं या दोन पायऱ्या वेगवेगळ्या ओळींत असतील तर आणखी घोळ: खालची ओळ बदलली तरी वरची जुनी यादीच वापरली जाते. साप्ताहिक बिल्ड आम्ही कॅशे बंद ठेवून आणि बेस इमेज नव्याने ओढूनच करतो. वेळ जास्त जातो, जाऊ दे. माझी ती स्क्रिप्टही याच कारणाने बदलावी लागली. आता ती बांधणीच्या तारखेबरोबर आतल्या पॅकेजांच्या आवृत्त्याही तपासते.

दुसरी अडचण टॅगची. बऱ्याच सेवांनी डॉकरफाइलमध्ये नुसतं 'पायथन ३.९' लिहिलं होतं. टॅग म्हणजे एक सरकती पाटी, आज ती एका इमेजवर आणि पुढच्या महिन्यात दुसरीवर. काय बांधलं ते नेमकं सांगायचं असेल तर डायजेस्ट लिहावा लागतो. पण डायजेस्ट लिहिला की इमेज तिथेच गोठते, पॅच आपोआप येत नाहीत. म्हणून डायजेस्ट लिहायचा आणि तो पुढे सरकवायचं काम रेनोव्हेट या आपोआप अपडेट सुचवणाऱ्या साधनाकडे द्यायचं असं ठरलं. तो नवीन डायजेस्ट दिसला की पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, उघडतो, टेस्ट चालतात, माणूस पाहून मर्ज करतो. कोणती इमेज कधी बदलली याचा इतिहास गिटमध्ये आपसूक राहतो, हा मला त्यातला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

कुबरनेटीसची एक बाब इथेच सांगते, कारण ती नवख्यांना हमखास नडते. टॅग 'लेटेस्ट' सोडून दुसरा काही असेल आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर नोडवर त्या नावाची इमेज आधीच असल्यास कुबरनेटीस नवीन ओढत नाही. त्याच टॅगवर पॅच केलेली इमेज ढकलली आणि पॉड रीस्टार्ट केले, तर काही नोडवर नवीन आणि काहींवर जुनी चालू राहते. डायजेस्ट वापरल्यावर हा प्रश्नच मिटतो.

बेस इमेज कोणती घ्यायची यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. अल्पाइन लिनक्सची इमेज जेमतेम पाच एमबीची, स्कॅनरला तिच्यात सापडायला फारसं काही नसतं, त्यामुळे अहवाल देखणा येतो. पण अल्पाइन ग्लिबसीऐवजी मसल ही वेगळी लायब्ररी वापरते. आमच्या पायथन सेवांना लागणाऱ्या काही पॅकेजांच्या मसलसाठी तयार फाइली नव्हत्या, त्या बिल्डच्या वेळी कंपाइल व्हायला लागल्या आणि बिल्ड रेंगाळायला लागला. शिवाय मे २०२३ मध्ये आलेल्या १.२.४ आवृत्तीपर्यंत मसल डीएनएसचं (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचं) मोठं उत्तर टीसीपीवरून परत मागत नसे, त्यामुळे नाव न सापडण्याच्या चमत्कारिक तक्रारी येत. शेवटी पायथनला डेबियनवरची कमी पॅकेजांची स्लिम आणि गोमध्ये लिहिलेल्या सेवांना गूगलची डिस्ट्रोलेस असं वाटून घेतलं. डिस्ट्रोलेसमध्ये शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची सोय, नसतेच, त्यामुळे काही बिघडलं की आत शिरून बघता येत नाही, ही डेव्हलपरांची तक्रार रास्त होती. कुबरनेटीस १.२५ पासून पक्की झालेली तात्पुरत्या डीबग कंटेनरची सोय त्यांना शिकवली तेव्हा ती तक्रार थांबली.

स्लिमवर आधारलेली आम्ही स्वतःची एक बेस इमेज ठेवली. दर सोमवारी रात्री ती नव्याने बांधली जाते आणि तिच्यात सगळी पॅकेजं अद्ययावत करायची आज्ञा आहे. इमेज बांधताना सगळं अपग्रेड करू नये असा सल्ला डॉकरच्या मार्गदर्शिकेत एकेकाळी होता आणि तो वाचलेले लोक अजूनही वाद घालतात. अधिकृत डेबियन इमेज रोज बांधली जात नाही. दोन बांधण्यांच्या मधे आलेला पॅच आपल्याला हवा असेल तर अपग्रेड करण्यावाचून पर्याय नाही. मात्र ते एकाच ठिकाणी, बेसमध्ये व्हावं. प्रत्येक सेवेने आपापल्या फाइलमध्ये करू नये.

तंत्र जमलं, तरी माणसांना पटवायचं बाकी होतं. पैसे वळते करणारी सेवा सांभाळणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी स्पष्ट म्हणाले, "अगं, कोड बदललेला नाही, चालतंय सगळं नीट, आणि तू म्हणतेस दर मंगळवारी रीस्टार्ट करा. काही फाटलं तर रात्री फोन मला येणार."

मी म्हटलं, "सर, तुमचं बरोबर आहे. पण रीस्टार्टला फाटणार असेल, तर ते मंगळवारी सकाळी सगळे जागेवर असताना फाटू दे. नोड मध्यरात्री गेला तर तोच रीस्टार्ट होणारे."

ते विचारात पडले, आणि म्हणाले आधी टेस्टच्या क्लस्टरवर भार देऊन करून दाखव. केलं. त्यांची भीती शंभर टक्के खरी निघाली. रीस्टार्टच्या वेळी काही विनंत्या मध्येच तुटत होत्या. शोधत गेल्यावर कारण सापडलं: डॉकरफाइलमध्ये सेवा सुरू करायची आज्ञा शेलमधून दिलेली होती. त्यामुळे कंटेनरमध्ये पहिली प्रक्रिया शेलची, आणि कुबरनेटीसने पाठवलेला थांबण्याचा संकेत, सिगटर्म, शेलपाशीच अडत होता. सेवेला कळतच नव्हतं की आवरायचंय. तीस सेकंद वाट पाहून कुबरनेटीस तिला सरळ मारून टाकायचं. आज्ञा कंसातल्या यादीच्या रूपात लिहिली, सेवा स्वतः पहिली प्रक्रिया झाली, तिने हातातल्या विनंत्या पूर्ण करून मग थांबायला सुरुवात केली. हा दोष तिथे पहिल्यापासून होता. प्रत्येक नोड-अपग्रेडच्या वेळी 'नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम' म्हणून तो वाहून जात होता. त्यानंतर तेच सर इतर टीमना साप्ताहिक फेरीत यायला सांगायला लागले. नियमित पुनर्बांधणीचा हा लाभ मी आधी गृहीतच धरला नव्हता. सुरक्षेसाठी म्हणून सुरू केलेल्या कामाने सेवा रीस्टार्टला निर्धास्त केल्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिली खरी कसोटी आली. कर्लचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी आठवडाभर आधी जाहीर केलं की ११ ऑक्टोबरला ८.४.० येईल आणि तिच्यात बऱ्याच काळातल्या सर्वांत गंभीर त्रुटीची दुरुस्ती असेल. तपशील त्या दिवशीच. आमच्या हातात तयारीला दिवस होते, आणि प्रश्न एकच: कर्ल कुठे कुठे आहे? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या त्रुटीच्या वेळी हाच प्रश्न आम्ही लोकांना मेल पाठवून विचारला होता, आणि उत्तरं येईपर्यंत २.१५.० च्या जागी २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१ आली होती. या वेळी प्रत्येक बिल्डबरोबर घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, तयार होऊन साठत होती. त्यात शोधलं की झालं.

शोधल्यावर कळलं ते फार उपयोगी ठरलं. स्लिम इमेजमध्ये मुळात कर्ल नसतंच. ते आमच्याच टीमनी घातलं होतं, सेवा जिवंत आहे का ते तपासणाऱ्या हेल्थचेकच्या ओळीसाठी. आणि कुबरनेटीस डॉकरफाइलमधली हेल्थचेकची ओळ पाहतच नाही, तो आपली तपासणी स्वतः बाहेरून करतो. म्हणजे बहुतेक इमेजमध्ये कर्ल विनाकारण बसलेलं होतं. ते काढून टाकलं. उरलेल्यांना डेबियनचा पॅच आल्यावर एक जादा फेरी मारली. त्रुटी सॉक्स५ प्रॉक्सीशी निगडित निघाली, जी आम्ही वापरत नव्हतो. तरी ती फेरी मला मोलाची वाटते, कारण कोणालाही रात्री थांबावं लागलं नाही. मंगळवारचंच काम बुधवारी संध्याकाळी पुन्हा केलं, इतकंच.

पॅचच्या कामात नवीनतम म्हणजे सुरक्षित असं मानणारे भेटतात. त्यांना मी २९ मार्च २०२४ ची आठवण देते. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरताना) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी मागोवा घेतला आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेली मागची वाट (बॅकडोअर) उघड केली. डेबियन १२ मध्ये ५.४.१ होती, तिला धक्का नव्हता. नुकतंच आलेलं ओढणाऱ्या चाचणी-शाखांमध्ये ती घुसली होती. म्हणून रेनोव्हेटला आम्ही दोन वेगळे नियम दिलेत: डेबियनच्या सुरक्षा शाखेतलं ताबडतोब, आणि पायथन किंवा एनपीएमचं (जावास्क्रिप्टचं) नवं पॅकेज काही दिवस मुरल्यावरच. एखाद्या त्रुटीवर प्रत्यक्ष हल्ले चालू असतील तर हा थांबा माणूस हाताने उठवतो.

आणि काही त्रुटी इमेजमध्ये नसतातच. ३१ जानेवारी २०२४ ला जाहीर झालेली रनसीची (नोडवर कंटेनर सुरू करणाऱ्या साधनाची) त्रुटी, सीव्हीई-२०२४-२१६२६, कंटेनरमधून यजमान मशीनवर उडी मारू द्यायची. तिचा इलाज रनसी १.१.१२, म्हणजे नोडवरचं अपडेट. इमेजचा स्कॅनर त्याबाबत अवाक्षर काढत नाही. त्या दिवसापासून नोडचं वयसुद्धा इमेजची वयं दाखवणाऱ्या आमच्या फलकावर दिसतं.

ठरावीक वयापेक्षा जुन्या इमेजला क्लस्टरने प्रवेशच नाकारावा, असा एक प्रस्ताव आला होता. मी त्याला विरोध केला आणि तो आजही कायम आहे. नोड पडला की पॉड दुसरीकडे उभे राहतात, आणि तो प्रवेशही त्याच दारातून होतो. कालपर्यंत चाललेली इमेज आज रात्री तीस दिवसांची झाली म्हणून सेवा उभीच राहिली नाही, तर आपणच आपली सेवा बंद पाडली. वय ओलांडलं की टीमच्या चॅनेलवर सूचना जाते, आठवड्याने त्यांच्या प्रमुखाकडे. अडवायचं असेल तर नवीन डिप्लॉयला अडवावं, जिथे समोर माणूस बसलेला असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने सायबर सुरक्षेची नवी चौकट आणली आणि तिच्यात एसबॉमची अपेक्षा घातली. शेअर ब्रोकर असलेले आमचे ग्राहक त्यानंतर याद्या मागायला लागले. आमच्या सेवांच्या याद्या त्याच दिवशी देता आल्या. अडलं ते आम्ही विकत घेतलेल्या एका सॉफ्टवेअरपाशी. त्याची इमेज त्याच कंपनीकडून तयार येते, तिला हात लावायची परवानगी करारात नाही, आणि स्कॅनरमध्ये ती अजूनही डेबियन १० दाखवते, ज्याची दीर्घकालीन देखभाल जून २०२४ अखेर संपली. त्यांना पत्र गेलं, उत्तर आलं की पुढच्या मोठ्या आवृत्तीत बघू. आम्ही ती सेवा वेगळ्या नोडवर हलवली, तिला बाहेर जायचे रस्ते बंद केले, फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरती ठेवली, रूट परवानगी काढली. नूतनीकरणाच्या करारात आता एक कलम घालायला लावलंय: गंभीर त्रुटीचा पॅच आल्यापासून तीस दिवसांत नवी इमेज आणि प्रत्येक इमेजबरोबर एसबॉम. त्यावर त्यांच्या वकिलांचं उत्तर यायचंय. दरम्यान आमच्याकडच्या डेबियन ११ वरच्या शेवटच्या सेवा हलवायला घेतल्यात. तिची देखभाल ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे, आणि ती तारीख फलकावर सर्वांत वर लावलेली आहे.